निळ्या अक्षरांचा माल

घरात तिला अजूनही छोटीच म्हणत. चाळिशी उलटली, केस पिकायला लागले, इस्पितळाच्या खरेदी विभागाची ती प्रमुख झाली, तरी आईच्या आणि ताईच्या तोंडी छोटी ती छोटीच. ताई त्याच इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर सिस्टर होती. ऑपरेशन झालेल्या पुरुषांचा वॉर्ड तिच्याकडे असे. लग्न दोघींनीही केलं नाही. वडील गेल्यावर ताईनं घर सावरलं आणि त्यात तिची वर्षं निघून गेली. छोटीला कोणी विचारलं तर ती म्हणायची, "टेंडर काढल्याशिवाय काही पसंत करायची सवयच राहिली नाही हो मला."

एक तळघरात आणि एक वरच्या मजल्यावर, त्यामुळे या दोघी सख्ख्या बहिणी आहेत हे इस्पितळात बऱ्याच जणांना माहीतही नव्हतं. दुपारी ताईला सवड झाली तर ती खाली यायची. दोघी स्टोअरच्या मागच्या खोलीत खोक्यांवर बसून डबा खायच्या आणि आईच्या तक्रारी करायच्या.

छोटीचं काम असं होतं, की ते नीट झालं तर कोणाला दिसायचंच नाही. हातमोजे, सुया, टाक्यांचा दोरा, कापूस, नळ्या. कपाटात हात घातला की वस्तू हाताला लागली पाहिजे. ती तिथं कुठून आली याचा विचार करायची वेळ कोणावर आली, म्हणजे छोटीचं काहीतरी चुकलेलं असायचं.

त्या वर्षी सलाईनच्या अँप्यूलचा तुटवडा झाला. अँप्यूल म्हणजे बोटभर लांबीची प्लास्टिकची कुपी. मान मोडायची आणि आतलं पाणी सिरिंजमध्ये ओढून घ्यायचं. रुग्णाच्या हाताला लावलेली सुई तुंबू नये म्हणून अधूनमधून त्यातून हे मिठाचं शुद्ध पाणी सोडावं लागतं. काम क्षुल्लक, पण त्याच्यावाचून अख्खं इस्पितळ अडतं. पूर्वी हा माल तीन कंपन्यांकडून यायचा. मग वरून नवं धोरण आलं, की ज्याचा दर सगळ्यात कमी त्या एकाकडूनच सगळं घ्या. त्या बैठकीत छोटी म्हणाली होती, "एकावरच भिस्त ठेवणं बरं नाही." पण ती हळू म्हणाली होती, आणि तेवढ्यात चहा आला होता.

त्या एका कंपनीच्या कारखान्यात तपासणी झाली, पाण्यात बुरशी सापडली आणि कारखान्याला टाळं लागलं. स्टोअरमधल्या मांडण्या रिकाम्या दिसायला लागल्या. डॉक्टरांनी ज्यांना थांबता येईल त्यांची ऑपरेशनं पुढे ढकलली. छोटी सकाळी फोन कानाला लावायची तो संध्याकाळी खाली ठेवायची. सगळीकडे एकच उत्तर मिळायचं, कारण सगळी इस्पितळं त्याच एका दारात उभी होती. शेवटी एक पुरवठादार भेटला. बोलायला इतका गोड, की समोरच्याला नुसतं ऐकून तोंड धुवावंसं वाटावं. त्याच्याकडे माल होता. ज्या कारखान्यातून इस्पितळात पोटॅशियमच्या अँप्यूल येत, तोच कारखाना सलाईनच्याही बनवायचा.

नवा माल घ्यायचा तर नियम होता. नमुना आधी फार्मासिस्टला आणि वॉर्डातल्या सिस्टरना दाखवायचा, त्यांनी हो म्हटल्यावर मागवायचा. त्यात आठवडे जायचे. निकड असेल तर मात्र अधीक्षकांना ही अट माफ करता यायची. छोटी त्यांच्याकडे गेली तेव्हा ते उभ्याउभ्याच म्हणाले, "सलाईन म्हणजे मीठ आणि पाणी. त्यात बघायचं काय? आणा कुठे सही करायची." त्यांनी सही केली. छोटीला हायसं वाटलं. तिलाही तेच हवं होतं.

माल आला. फार्मासिस्टनं पहिलं खोकं फोडलं. निवृत्तीला आलेला, मान कायम एका बाजूला कललेला माणूस. त्यानं एक अँप्यूल उजेडात धरली आणि म्हणाला, "बाई, ही तर आपल्या पोटॅशियमची जुळी बहीण दिसते."

छोटीनं दोन्ही हातात घेऊन बघितल्या. एकाच साच्यातल्या होत्या. तेच पारदर्शक प्लास्टिक, तीच उंची, तीच निळी बारीक अक्षरं. जुन्या सलाईनवर हिरवी अक्षरं असायची. मिठाच्या पाण्याची अँप्यूल कितीही दिली तरी कोणाचं बिघडत नाही. पोटॅशियम मात्र मोठ्या बाटलीत मिसळून, थेंबाथेंबानं द्यायचं औषध आहे. ते थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं.

"परत पाठवायच्या?" फार्मासिस्टनं विचारलं.

"पाठवल्या तर उद्या काय देणार?"

त्यानं पोटॅशियमच्या खोक्यांना लाल पट्ट्या चिकटवल्या. छोटीनं सूचना काढली, की नवीन माल आला आहे, वाचून वापरावा. ती प्रत्येक वॉर्डातल्या फलकावर लागली, आधीच्या सूचनांच्या वर. पण लाल पट्टीची खोकी खालीच राहायची. वर जायच्या त्या सुट्या अँप्यूल, ट्रेमधून.

पुढच्या बैठकीत अधीक्षकांनी छोटीचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ढकललेली ऑपरेशनं परत सुरू झाली. त्यांतच एक शिंप्याचं होतं.

शिंपी हर्नियाच्या ऑपरेशनला आला होता. साठीचा, किडकिडीत. पडल्यापडल्या वॉर्डातल्या सगळ्यांची मापं नजरेनं घेत असायचा. डॉक्टरला म्हणाला होता, "साहेब, तुमच्या शर्टाचा काखेतला घोळ बघवत नाही." ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी घरी जायचं होतं.

त्या दुपारी जे घडलं ते छोटीला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. आधीच्या पाळीतल्या कोणीतरी उरलेलं पोटॅशियम परत ठेवताना सलाईनच्या ट्रेमध्ये टाकलं होतं. कोणी ते शेवटपर्यंत कळलं नाही. ताई शिंप्याच्या हाताला लावलेली सुई साफ करायला आली. ट्रेमधून अँप्यूल उचलली. तिच्यावर नजर टाकली, तर निळी अक्षरं. त्या ट्रेमध्ये आताशा निळीच अक्षरं असत. शिंपी बोलत होता, "सिस्टर, तुमचा डावा खांदा उतरता आहे. ब्लाउज शिवणाऱ्याला सांगत जा, नाहीतर बाही ओढल्यासारखी दिसते." ताई हसली आणि तिनं सिरिंज दाबली.

"जळजळतंय," शिंपी म्हणाला आणि स्वतःच्या हाताकडे बघू लागला.

ताईनं मोडलेली अँप्यूल उचलून वाचली. मग ती ओरडली. आयुष्यभर वॉर्डात जिनं कधी आवाज चढवला नव्हता ती ओरडली, "पोटॅशियम गेलंय! माझ्या हातून शिरेत पोटॅशियम गेलंय!" डॉक्टर धावत आले. बराच वेळ सगळे त्या किडकिडीत छातीवर दाब देत राहिले. ताईही देत होती. तिला कोणी बाजूला केलं नाही, कारण तिचा हात चांगला बसायचा. मग डॉक्टर म्हणाले, "पुरे."

छोटीच्या टेबलावरचा फोन वाजला.

"छोटी, तुझ्या त्या नव्या अँप्यूल थांबव."

"का गं?"

"माणूस गेला. शिंपी होता. तू ओळखत नाहीस." ताईचा आवाज भाजी काय आणू विचारावं इतका सरळ होता. "माझ्या हातून गेला. पोटॅशियम होतं. आता ठेवते, मला बोलावतायत."

छोटीनं फोन ठेवला. समोर हातमोज्यांच्या मापांबद्दलचं अर्धवट लिहिलेलं पत्र होतं. ते तिनं पुरं केलं. एका ठिकाणी वेलांटी चुकली होती ती दुरुस्त केली आणि पत्र पाठवून दिलं. हे आपण केलं हे तिच्या लक्षात फार उशिरा आलं, आणि तेव्हाही त्याचं काही वाटलं नाही. जेवल्यावर जीभ भाजल्याचं कळावं तसं नुसतं कळलं.

मग ती अधीक्षकांकडे गेली. ते खुर्चीत बसून होते, हात टेबलावर पालथे ठेवून.

"हा माल थांबवायला हवा," ती म्हणाली.

"थांबवू. मग संध्याकाळी काय देता?"

ती खुर्ची ओढून बसली.

"दुसरा कोणी आहे का पुरवणारा?"

"नाही."

"मग?"

मग काही नाही. माल थांबला नाही. पुढच्या आठवड्यात त्याच निळ्या अक्षरांचा दुसरा हप्ता आला आणि छोटीनं तो उतरवून घेतला. सही नेहमीसारखीच आली.

ताईला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. आईला दोघींनी सांगितलं, रजा शिल्लक होती म्हणून घेतलीय. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "बरं." थोड्या वेळानं म्हणाली, "मला ऐकू कमी येतं, दिसतं सगळं." मग तिला खरं सांगावं लागलं. ऐकून ती ताईच्या पाठीवर हात ठेवून बसली. ताई बसू देत होती, पण कोणी दुसऱ्याच्याच पाठीवर हात ठेवलाय असा तिचा चेहरा होता.

ताई दिवसभर घर आवरायची. कपाटं रिकामी करून परत लावायची. छोटी संध्याकाळी यायची, दोघी समोरासमोर बसून जेवायच्या. आधी जेवताना एकीचं वाक्य दुसरी पुरं करायची. आता पाणी दे, मीठ दे, एवढंच.

एकदा छोटी म्हणाली, "माल मी आणला ताई."

"तू काय मुद्दाम आणलास?"

"आणि तू मुद्दाम दिलंस?"

"नाही." ताईनं ताट बाजूला केलं. "दोघींनी मुद्दाम काही केलं नाही. मेला मात्र तो खराच."

चौकशी समितीत तिघं होते, तिघंही इस्पितळातलेच. ताईनं जे झालं ते सांगितलं, काही लपवलं नाही. औषध देण्याआधी लेबल वाचायचं असतं हे तुम्हाला माहीत आहे ना, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, माहीत आहे, इतरांना मीच शिकवते. तेवढं त्यांना पुरलं.

छोटीनं स्वतःहून वेळ मागून घेतली. नमुना न दाखवता माल घेतला, हे ती म्हणाली. दोन्ही अँप्यूल एकसारख्या आहेत हे आधीच कळलं होतं आणि तरी वर पाठवल्या, हेही म्हणाली. एका कंपनीवर सगळा भार टाकल्यामुळे ही वेळ आली, तेही म्हणाली. या वेळी ती हळू बोलली नाही. समितीचे प्रमुख चष्मा पुसत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाई, तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण ना?"

"हो."

"मग तुमचं म्हणणं कसं धरायचं? कोणीही म्हणेल बहिणीला वाचवतायत."

"मी माझीच चूक सांगतेय."

"तेच म्हणतो मी. बहिणीसाठी माणूस काय वाटेल ते अंगावर घेतं."

ते खवचटपणे बोलत नव्हते. त्यांना खरोखर तसं वाटत होतं. छोटी उठली, खुर्ची आत सरकवली आणि बाहेर आली. जिन्यात तिला जाणवलं, की आपल्याला राग यायला हवा होता. तिनं थोडा वेळ थांबून वाट पाहिली. आला नाही, म्हणून ती खाली कामाला गेली.

निकाल लागला, की चूक सिस्टरची. निलंबन कायम, पुढचा निर्णय वर. बाकीच्या सिस्टरना लेबल वाचनाचं प्रशिक्षण द्यावं.

त्या दिवशी संध्याकाळी ताईनं ते ऐकून घेतलं. ती रुमालांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "मला त्या शिंप्यांच्या बायकोकडे जायचंय."

"इस्पितळाच्या वकिलांनी सांगितलंय घरच्यांना भेटायचं नाही म्हणून. इस्पितळ अडचणीत येईल."

"मी कुठे इस्पितळात आहे आता?" ताई म्हणाली. "तू नको येऊस. तुझी नोकरी आहे."

छोटी गेलीच. शिंप्याचं दुकान राहत्या घराच्या पुढच्या खोलीत होतं. शटर अर्धं वर होतं. आत भिंतीला लागून शिलाई मशीन आणि दोरीवर अर्धवट शिवलेले कपडे. शिंप्याची बायको पँटला इस्त्री करत होती. ताईला तिनं ओळखलं. वॉर्डात ये-जा होतीच.

"या सिस्टर," ती म्हणाली. "गिऱ्हाइकांचे कपडे देऊन टाकतेय. जेवढे झालेत तेवढे."

ताई बसली नाही. "तुम्हाला इस्पितळातून काय सांगितलं?"

"हृदय बंद पडलं म्हणून. तसा कागदही दिलाय. खरं नाही का ते?"

"खरं आहे. का बंद पडलं ते सांगायला आलेय."

आणि तिनं सांगितलं. उभ्याउभ्या, हात पुढे धरून, वॉर्डात पाळी बदलताना दुसऱ्या सिस्टरला रुग्णाची माहिती द्यावी तसं. कुठली अँप्यूल, कुठल्या ट्रेमधली, कोणी टोचली. बाईनं मध्येच इस्त्री उभी करून ठेवली. रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"त्यांना कळलं का?" बाईनं विचारलं.

"थोडंसं. जळजळतंय म्हणाले. मग लगेच शुद्ध गेली."

"त्याआधी काय बोलत होते?"

"माझा डावा खांदा उतरता आहे म्हणत होते."

बाईच्या तोंडातून एक आवाज आला. हसू होतं की काय ते कळलं नाही. "माणूस समोर आला की आधी माप," ती म्हणाली. "मला बघायला आले तेव्हाही माझ्या बाहीकडेच बघत होते." मग तिनं छोटीकडे पाहिलं. "आणि या?"

"माझी बहीण. ते औषध हिनं मागवलं होतं."

बाई एकीकडून दुसरीकडे बघत राहिली. "एकाच घरात राहता?"

"हो."

"जेवता एकत्र?"

"हो."

तिनं मान हलवली, जणू एखादा हिशेब जुळत नव्हता तो सोडून दिला. इस्त्री परत हातात घेतली. "येऊन सांगितलंत ते बरं केलंत. आता पुन्हा येऊ नका."

परतीच्या वाटेवर घराजवळ आल्यावर ताई म्हणाली, "तुझ्या त्या अँप्यूल अजून वर जातात ना?"

"जातात. दुसऱ्या मिळतच नाहीत."

"मग सलाईन काढता येत नसेल तर पोटॅशियम काढ ना वॉर्डातून. खाली ठेवा कुलपात. लागेल तेव्हा फार्मासिस्टनं बाटलीत मिसळून वर पाठवावं."

छोटी थांबली. इतके दिवस ती सलाईनकडेच बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं फार्मासिस्टला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "बाई, हे मी दोनदा मांडलंय वरती. डॉक्टरांना हाताशी लागतं म्हणून दोनदा बारगळलं."

"मांडायचं नाही. काढायचंच."

"आदेश?"

"मागून घेऊ."

त्यानं कोपऱ्यातली ट्रॉली ओढून घेतली. दोघं वॉर्डावॉर्डातून फिरले. पोटॅशियम कुठे कुठे निघालं! औषधांच्या कपाटात, ड्रेसिंगच्या गाडीवर, खिडकीत गोळ्यांच्या डब्यामागे, एका डॉक्टरच्या कोटाच्या खिशात. काही सिस्टरनी निमूट दिलं, काहींनी मदत केली. अतिदक्षता विभागातले डॉक्टर दारात आडवे उभे राहिले. "माझा रुग्ण वर तडफडतोय आणि मी खालून औषध मागवत बसू?" त्यांचंही चूक नव्हतं. त्यांच्याकडचं तिथंच, पण वेगळ्या कपाटात कुलपात ठेवायचं ठरलं. आणि आणखी दोन वॉर्डात सलाईनच्या ट्रेमध्येच पोटॅशियमच्या अँप्यूल सापडल्या. निळ्यात निळ्या. फार्मासिस्टनं त्या तळहातावर घेतल्या आणि छोटीपुढे धरल्या.

संध्याकाळी छोटीला मेमो आला, की आदेशाशिवाय औषधसाठा हलवल्याबद्दल खुलासा द्यावा. ती मेमो आणि त्या अँप्यूल घेऊन अधीक्षकांकडे गेली.

"या दोन वेगळ्या वॉर्डांतल्या ट्रेमध्ये होत्या," ती म्हणाली.

त्यांनी अँप्यूल हातात घेतल्या नाहीत. "चौकशी संपलीय, बाई."

"चौकशीसाठी नाही आले. मला आदेश हवाय. पोटॅशियम वॉर्डात ठेवायचं नाही."

त्यांनी लिहायला घेतलं. अर्ध्यात पेन थांबलं. "नमुन्याची अट मी माफ केली होती," ते म्हणाले. "रोज आंघोळ करताना तेच आठवतं."

"समितीपुढे म्हणाला असता तर बरं झालं असतं."

"वकील म्हणाले..." ते म्हणाले आणि परत लिहू लागले. मग त्यांनी आदेश पुरा केला आणि तिच्या हातात दिला. मेमोही फाडून टाकला.

शिंप्याच्या बायकोकडून काही होईल असं दोघींनाही वाटलं नव्हतं. पण तिनं आरोग्य खात्याकडे तक्रार केली. तीत सिस्टरविरुद्ध एक अक्षर नव्हतं. एकसारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू इस्पितळात आल्याच कशा, एवढंच तिनं विचारलं होतं. बाहेरची माणसं चौकशीला आली. त्यांना कोण कोणाची बहीण याच्याशी देणंघेणं नव्हतं. छोटीचं म्हणणं त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून घेतलं. मग अधीक्षकांना बोलावलं. ते आत बराच वेळ होते. बाहेर आले तेव्हा छोटी बाकावर बसलेली होती. तिच्यासमोरून जाताना ते म्हणाले, "सांगितलं," आणि निघून गेले.

छोटीला ठपका बसला, अधीक्षकांना बसला, ताईला बसला. ताईला कामावर परत घ्या, असंही त्यांनी लिहिलं. एकाच कंपनीकडून सगळा माल घेण्याचं धोरण मात्र तसंच राहिलं. त्यावर विचार करायला आणखी एक समिती नेमली. फार्मासिस्ट म्हणाला, "चला, समित्यांचा तरी तुटवडा नाही." छोटी हसली नाही, पण त्यानं विनोद केलाय हे तिला कळलं. बऱ्याच दिवसांनी कळलं.

ताई कामावर रुजू व्हायच्या सकाळी आईनं तिला दारापर्यंत सोडलं. ताईला स्त्रियांचा वॉर्ड दिला होता, जुन्या वॉर्डापासून लांब. दोघी बहिणी इस्पितळापर्यंत बरोबर चालत गेल्या. फाटकाशी ताई म्हणाली, "तू जा खाली. मी जाते."

दिवसभर छोटीचं लक्ष फोनकडे होतं. तो वाजला, पण दर वेळी दुसऱ्याच कामासाठी. जेवायच्या सुट्टीत ती खोक्यांवर एकटीच बसली. वर जाऊन यावं असं दोनतीनदा मनात आलं, पण गेली नाही. ताई काय करत असेल, कुठे उभी असेल, हात कसा असेल, यातलं काहीच तिला डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ताई आधीच आलेली होती. युनिफॉर्म न बदलता पलंगावर पाय पसरून बसली होती. बूट तेवढे काढले होते.

"काय झालं?" छोटीनं दारातूनच विचारलं.

"काय व्हायचंय? गर्दी होती."

"इंजेक्शनं दिलीस?"

"दिली. नाही देऊन सांगते कोणाला." ताईनं पायाचा अंगठा दाबला. "सगळी मोठ्यानं वाचून दिली. शेजारच्या पलंगावरची म्हातारी म्हणाली, अगं बाई, हिला वाचायला नवीन शिकवलंय का."

छोटी तिच्याजवळ पलंगाच्या कडेला बसली. "मग?"

"मग काय. दुखलं म्हणाल्या सगळ्या. एक तर माझ्या नावानं शंख करत होती, हात जड आहे म्हणे माझा. दुपारी जेवून घोरत पडली." ताईनं डोळे मिटले. "घोरत होती, छोटी. मी तिथंच उभी राहून ऐकत होते. दुसऱ्या सिस्टरनं हाक मारली तेव्हा निघाले."

ती तशीच आडवी झाली. छोटीनं तिच्या अंगावर चादर ओढली आणि आत जाऊन आईला हलक्या आवाजात सांगितलं, की ताईला जेवायला उठवू नकोस, झोपलीय. आई म्हणाली, "काय?" तेव्हा तिला ते परत, मोठ्यानं सांगावं लागलं.